डोकं थंड ठेवण्याचा खर्च

आमच्या घरात तापणाऱ्या वस्तू तीन. एक इस्त्री, दुसरा प्रेशर कुकर आणि तिसरा मी. इस्त्री ठरावीक तापली की आपोआप बंद होते. कुकर शिट्टी देऊन मोकळा होतो. माझ्यात यांपैकी एकही सोय नाही, असं आमच्या हिचं म्हणणं आहे. आणि लग्नाला वीस वर्षं उलटून गेल्यामुळे तिच्या म्हणण्याला आता पुराव्याची गरज उरलेली नाही.

गंमत म्हणजे बँकेत माझी ख्याती अगदी उलट आहे. मी घाटकोपरच्या एका शाखेत काऊंटरवर बसतो. 'लिंक नाही' हे दोन शब्द दिवसातून पंधरा वेळा, पंधरा वेगवेगळ्या माणसांना, पंधराही वेळा हसऱ्या चेहऱ्याने सांगतो. पासबुक छापायचं मशीन मीच मुद्दाम बंद पाडलं असावं अशा नजरेने बघणाऱ्या आजोबांना मी उठून खुर्ची देतो. एका वर्षी तर ग्राहक मेळाव्यात 'शाखेतले सर्वांत शांत कर्मचारी' म्हणून मला शाल आणि नारळ मिळाला. तो नारळ घेऊन मी घरी आलो आणि कशाबद्दल मिळाला ते सांगितलं, तेव्हा आईला हसता हसता ठसका लागला. हिने काही न बोलता नारळ फोडायला घेतला. चिरंजीव मात्र हसले नाहीत. नुसते उठून आपल्या खोलीत गेले. त्या उठून जाण्याचा अर्थ मला पुढे दोन वर्षांनी, आणि तोही लॅमिंग्टन रोडवर कळला. तीच हकीगत सांगतो.

२०२४ च्या मे महिन्यात आमच्याकडे दोन गोष्टी एकदम पिकल्या. एक चिरंजिवांचा बारावीचा निकाल आणि दुसरी माझ्या वडिलांनी २०१९ साली केलेली मुदत ठेव. निकाल एकसष्ट टक्के लागला. ठेव मात्र वडिलांच्या स्वभावाप्रमाणे शिस्तीत वाढली होती. एक लाखाचे पाच वर्षांत, ६.८ टक्क्यांनी, १,४०,०९४ रुपये झाले होते. वडील रेल्वेत हिशेबनीस होते. २०२१ मध्ये ते गेले. पावतीच्या मागे त्यांनी पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं, 'नातवाच्या शिक्षणासाठी'. शाईने लिहिलेलं खोडता येत नाही, म्हणून आयुष्यातलं महत्त्वाचं सगळं ते पेन्सिलीने लिहीत.

नातवाने या पैशांचं जे शिक्षण मागितलं त्याचं नाव गेमिंग कॉम्प्युटर. तोही दुकानातून तयार उचलून आणायचा नव्हे. एकेक भाग पारखून, वेगवेगळा विकत घेऊन, घरी आणून जोडायचा. त्याने माझ्यापुढे एक कागद ठेवला. नऊ ओळींची यादी होती आणि दुसऱ्याच ओळीवर लिहिलं होतं, 'लिक्विड कूलर, ३६० मि.मी., १२,००० रुपये'.

"हे काय?" मी विचारलं.

"पाण्याने थंड करायचं."

"काय थंड करायचं?"

"प्रोसेसर. म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं."

त्या दिवशी बँकेत तीन तास लिंक नव्हती. तीन तास मी हसत होतो. आता हसणं संपलं होतं. "एकसष्ट टक्केवाल्यांनी आधी स्वतःच्या डोक्यात काहीतरी घालावं, मग कॉम्प्युटरच्या डोक्यावर पाणी घालावं," असं मी म्हणालो. आणखीही पुष्कळ म्हणालो. ते छापण्यासारखं नाही अशातला भाग नाही, पण आठवलं की अजून लाज वाटते, म्हणून इथे देत नाही. चिरंजिवांनी कागद उचलला, त्याची घडी केली आणि खोलीत जाऊन दार लावलं. आपटलं नाही, लावलं. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

पुढचे चार दिवस आमच्या घरात फक्त भांडी बोलत होती. पाचव्या दिवशी आई म्हणाली, "अरे, परक्या माणसाचा कर्जाचा अर्ज तू दहा वेळा वाचतोस. पोराचा एक कागद वाचवत नाही तुला?"

वर्मावर बोट ठेवावं ते आयांनीच. मी यादी मागून घेतली, चष्मा पुसला आणि कर्जप्रकरण तपासायला बसावं तसा बसलो.

वाचकहो, कॉम्प्युटरच्या पोटात काय असतं ते एका बी. कॉम. झालेल्या माणसाने तुम्हाला सांगणं म्हणजे धाडसच आहे. पण त्या तीन रात्रींत मला जे कळलं ते असं. मदरबोर्ड म्हणजे शाखेची जागा. सगळ्यांनी तिथेच येऊन बसायचं. प्रोसेसर म्हणजे मॅनेजर. रॅम म्हणजे त्याचं टेबल. जितकं मोठं तितके कागद एका वेळी पसरता येतात आणि दिवे गेले की टेबल साफ. एसएसडी म्हणजे रेकॉर्ड रूम; फरक इतकाच, की इथे मागितलेला कागद त्याच दिवशी सापडतो. पॉवर सप्लाय म्हणजे कॅश क्रेडिटची मर्यादा. ६५० वॉटचा घेतला म्हणजे रोज ६५० वॉट उचलायचे असं नाही. गरज पडली तर तेवढी ऐपत असावी. त्यातही '८० प्लस गोल्ड' अशी एक प्रत असते. गोल्ड म्हटल्यावर हिने स्वयंपाकघरातून मान बाहेर काढली. पण निम्म्या भारावर वीज सुमारे ९० टक्के कामी येते, एवढाच त्याचा अर्थ आहे असं कळल्यावर मान परत आत गेली.

या मंडळींची एकमेकांशी पत्रिका जुळावी लागते. चिरंजिवांनी निवडलेला प्रोसेसर होता रायझन ७ ७८००एक्स३डी. नाव वाचूनच माझी जीभ दोनदा घसरली. त्याला एएम५ नावाचं सॉकेट लागतं आणि त्या सॉकेटवर फक्त डीडीआर५ जातीची रॅम चालते. डीडीआर४ स्वस्तात मिळाली तरी खाचच जुळत नाही. सॉकेटात टोकं असतात १,७१८ आणि सगळीच्या सगळी टेकावी लागतात. माणसांच्या लग्नात छत्तीस गुणांपैकी अठरा जुळले तरी मंडप घालतात. इथे १,७१८ पैकी १,७१८.

पण खरा दोष मला सापडला तो दुसरीकडे. यादीत प्रोसेसर ३५,००० चा, त्याचा कूलर १२,००० चा आणि ग्राफिक्स कार्ड मात्र २९,००० चं, आरटीएक्स ४०६०. पडदा मागितला होता २५६० बाय १४४० ठिपक्यांचा. मी कॅल्क्युलेटर काढला. ३६ लाख ८६ हजार ४०० ठिपके झाले आणि ते सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगवायचे. हे रंगकाम प्रोसेसरचं नव्हेच, ते ग्राफिक्स कार्डाचं. म्हणजे मॅनेजर आय.ए.एस. दर्जाचा आणून त्याच्या हाताखाली एकच कारकून द्यायचा, असा प्रकार.

आमच्या शाखेत असं एकदा झालेलं आहे. नोटा मोजायचं नवं मशीन आलं. दहा हजारांचं बंडल डोळ्याचं पातं लवायच्या आत मोजून व्हायचं. पण पावतीवर मारायचा शिक्का एकच आणि त्याचं पॅड सुकलेलं. रांग होती तिथेच राहिली. रांग कुठे अडते ते बघून पैसे खर्च करावेत, हा धडा मला कुठल्याही पुस्तकाने शिकवलेला नाही. त्या पॅडने शिकवला.

मी खोलीच्या दाराबाहेर उभा राहून हे सगळं दाराला सांगितलं. कडी निघाली.

"बाबा, तुम्हाला बॉटलनेक कुणी शिकवला?"

"बावीस वर्षं मी त्यातच बसलोय," मी म्हणालो.

पाच दिवसांत तो पहिल्यांदा हसला. त्या हसण्याच्या भरात मी चहा टाकायला सांगितला आणि आम्ही पाण्याच्या प्रकरणाकडे वळलो.

लिक्विड कूलर हे प्रकरण असं असतं. प्रोसेसरच्या डोक्यावर तांब्याचा एक ठोकळा घट्ट बसवायचा. ठोकळ्याच्या आत केसासारख्या बारीक वाटा. एक चिमुकला पंप त्यांतून पाणी फिरवतो. हे पाणी उष्णता उचलतं, नळीतून रेडिएटरमध्ये जातं, तिथे पंख्यांचा वारा खाऊन निवतं आणि दुसऱ्या नळीने परत कामावर रुजू होतं. मोटारीच्या रेडिएटरचाच धाकटा भाऊ. पंखा १२० मिलिमीटरचा. दोन पंखे लागले की २४०, तीन लागले की ३६०. तेवढ्याच आकाराच्या हवेपेक्षा पाणी ३,००० पटींहून जास्त उष्णता वाहून नेतं, म्हणून हा खटाटोप. पाणी कारखान्यातच भरून बंद केलेलं असतं, त्यात गंज न धरण्याचं औषध असतं, आपण वरून घालायचं काही नसतं.

आईने हे सगळं लक्षपूर्वक ऐकलं आणि विचारलं, "मग कॉम्प्युटर माठातल्या पाण्याइतका गार होतो का?"

"नाही आजी," चिरंजीव म्हणाले. "खोली जितकी गरम, त्याच्या खाली तो जाऊच शकत नाही."

"खोली चौतीस, तर पाणी चौतीसच्या वरच?"

"हो."

"मग माझा साडेतीनशे रुपयांचा माठ तुमच्या बारा हजारांच्या यंत्रापेक्षा बरा. खोली तापली तरी तो गार."

शास्त्राच्या दृष्टीने आईचं म्हणणं बिनतोड होतं. माठातलं पाणी पाझरतं, वाळतं आणि वाळताना उरलेल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं, म्हणून ते खोलीपेक्षा थंड राहतं. बंद नळ्यांतलं पाणी वाळणार कुठे? चिरंजीव निरुत्तर झाले. आई विजयी मुद्रेने भाजी निवडायला गेली.

आता खरं तर इथेच लिक्विड कूलरचा निकाल लागायला हवा होता. पण झालं भलतंच. मीच त्याच्या नादाला लागलो.

याला कारण माझं बालपण. १९९२ साली आमच्या शाळेत कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी खोलीला एअरकंडिशनर बसवला. वर्गात आम्ही साठ पोरं एका कुरकुरणाऱ्या पंख्याखाली घामाघूम होत होतो आणि तो एकटा गारव्यात बसला होता. आठवड्यातून एकदा चपला बाहेर काढून, देवळात जावं तसं आम्हाला आत सोडत. कॉम्प्युटर काय शिकलो ते आठवत नाही. तो गारवा आठवतो. यंत्राला थंडावा देणं म्हणजे त्याचा मान राखणं, हे तेव्हापासून डोक्यात बसलंय.

त्यात मला क्रे-२ ची माहिती मिळाली. हा अमेरिकेतला १९८५ सालचा महासंगणक. तो इतका तापायचा, की त्याची सर्किटं सरळ एका द्रवात बुडवून ठेवली होती. हा द्रव वीज वाहू देत नाही, त्यामुळे शॉर्टसर्किटची भीती नाही. लोणच्याच्या फोडी तेलात मुराव्यात तसा तो महासंगणक बरणीत मुरत ठेवलेला. हे वाचल्यावर मला रात्री झोप येईना. लोकलमध्ये शेजारच्या गृहस्थांना मी पंप, नळ्या आणि रेडिएटर समजावून सांगू लागलो. ते मुलुंडला उतरायचे. हल्ली ते दुसऱ्या डब्यात बसतात.

जूनच्या दुसऱ्या शनिवारी बँकेला सुट्टी, म्हणून आम्ही दोघं लॅमिंग्टन रोडला निघालो. डोंबिवलीहून दादर, दादरला गाडी बदलून ग्रँट रोड आणि पुढे चालत. रस्त्याचं कागदोपत्री नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण तिथे जाऊन डॉ. भडकमकर मार्ग कुठे असं विचारलंत तर लोक तुम्हाला दवाखाना दाखवतील. पाऊस तोंडावर आलेला, हवा वाफेच्या भांड्यासारखी. दोन्ही बाजूंना दुकानांवर दुकानं. एखाद्या दुकानाची रुंदी आमच्या जिन्याएवढी, पण आत हात घातला की हवं ते निघतं.

मी पाच दुकानांतून लेखी दर घेतले. बँकेत तीन कोटेशनांवर काम भागतं; पण हा बापाच्या ठेवीचा पैसा होता. ग्राफिक्स कार्ड आम्ही वरच्या दर्जाचं, आरटीएक्स ४०७० ठरवलं, ५२,५०० ला. त्यात ५,८८८ छोटे गणक एकाच वेळी काम करतात म्हणे. इतका स्टाफ आमच्या बँकेच्या अख्ख्या झोनमध्ये नसेल. प्रोसेसर खालचा घेतला, रायझन ५ ७६००, १८,५०० ला. मॅनेजर साधा, पण हाताखालची माणसं भरपूर. आता उरला कूलर.

सहाव्या दुकानात तो दिसला. काचेच्या पेटीत एक कॉम्प्युटर चालू करून ठेवला होता. त्यात पारदर्शक, काटकोनात वळवलेल्या नळ्या आणि त्यांतून हिरवंगार पाणी फिरतंय. ऐन उन्हाळ्यात रसवंतीसमोर उभं राहावं तसा मी उभा राहिलो.

"अंकल, ये कस्टम लूप है," काऊंटरवरचा पोरगा म्हणाला. "पूरा हाथ से बनाया."

हाताने जोडलेल्या या प्रकारात पाणी आपण भरायचं, वर्षाकाठी काढून नवं घालायचं, प्रत्येक सांधा गळतो का ते बघायचं. तांबं आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात आलं तर गंज सांभाळायचा. म्हणजे घरात एक जित्राबच पाळायचं. इतकं धाडस मला नव्हतं. पण शेजारी ठेवलेला तीन पंख्यांचा सीलबंद कूलर मी हातात घेतला तो खाली ठेववेना. "घेऊन टाकू," मी चिरंजिवांना म्हणालो. "बारा हजार तर बारा हजार."

वाचकहो, ज्या ओळीवरून मी पोराला चार दिवस घरात परका केला होता, तीच ओळ आता मी मागत होतो. आणि तो नको म्हणत होता.

"बाबा, गरज नाही," तो म्हणाला. "हा प्रोसेसर कागदावर ६५ वॉटचा. जोरात धावला तरी ८८ च्या पुढे जात नाही. आपल्या हॉलमधला पंखाच ७५ चा आहे. याला दोन हजारांचा हवेचा कूलर पुष्कळ झाला."

"पण ताप?"

"खरा ताप ग्राफिक्स कार्डाला. ते २०० वॉटचं. त्याला त्याचे स्वतःचे पंखे आहेत आणि हा कूलर त्याला शिवतसुद्धा नाही."

म्हणजे ताप एकाला आणि मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या शेजाऱ्याच्या कपाळावर. मुद्दा बिनचूक होता. तरी मी कूलर सोडीना. "पण पाण्याने उष्णता कशी झटकन नाहीशी..."

"नाहीशी होत नाही बाबा. पाणी असो नाहीतर हवा असो, उष्णता संपत नाही. आतली उचलायची आणि बाहेर नेऊन सोडायची, एवढंच. जेवढे वॉट खाल्ले तेवढे सगळे शेवटी खोलीतच येतात. पेटी थंड राहते, खोली तापते." तो जरा थांबला. मग माझ्याकडे न बघता, कूलरच्या खोक्यावरची अक्षरं वाचत म्हणाला, "म्हणजे एक जागा थंड दिसते, कारण दुसरी कुठलीतरी..."

आणि तो तिथेच थांबला. वाक्य त्याने पुरं केलं नाही. शहाणा पोरगा आहे.

मला एकदम तो नारळ आठवला. शाखेतले सर्वांत शांत कर्मचारी. दिवसभर काऊंटरवर गोळा केलेली उष्णता मी कुठे टाकत होतो? घाटकोपर ते डोंबिवली ती मी जपून आणत होतो, एक थेंब वाटेत सांडू देत नव्हतो आणि दार उघडणाऱ्याच्या अंगावर ओतत होतो. शाल आणि नारळ मला मिळाला. रेडिएटरचं काम ही तिघं करत होती. आणि रेडिएटरला कोणी शाल देत नाही.

मी खोकं काऊंटरवर ठेवलं. "हवेचा द्या," म्हणालो.

परत येताना कॅबिनेटचं खोकं माझ्या मांडीवर आणि ग्राफिक्स कार्ड त्याच्या पोटाशी. खोक्याच्या आडून मी म्हणालो, "एकसष्ट टक्के काही वाईट नाहीत."

"बरं," तो म्हणाला.

"मला बारावीला अठ्ठावन्न होते."

हे मी त्याला कधीच सांगितलं नव्हतं. खोक्यामुळे त्याचा चेहरा मला दिसत नव्हता, ही त्यातल्या त्यात सोय. ठाणं गेलं, मुंब्रा गेलं. मग खोक्याच्या पलीकडून आवाज आला, "आजी म्हणाली होती."

रविवारी जोडणी झाली. प्रोसेसर बसवताना मी श्वास रोखून धरला होता. त्याच्यावर थर्मल पेस्ट नावाचा करडा मलम लावायचा, त्याला 'वाटाण्याएवढा' असं प्रमाण आहे. वाटाणा ओला की वाळलेला यावर आईचं आणि नातवाचं दुमत झालं. शेवटी वाळलेला ठरला. पंखे लावले, तारा ओवल्या, पुढच्या जाळीतून हवा आत आणि मागून बाहेर अशी दिशा उदबत्तीच्या धुराने तपासली. ती उदबत्ती मग आईने कॅबिनेटला ओवाळूनच घेतली. आणि बटण दाबलं.

पंखे फिरले. दिवे लागले. पडदा काळा.

एक मिनिट गेलं. दोन गेली. चिरंजिवांचा चेहरा निकालाच्या दिवशी झाला होता तसा झाला. ही हातातलं लाटणं घेऊन दारात आली. आई जपमाळ शोधू लागली. तिघंही कॉम्प्युटरकडे बघत नव्हती; माझ्याकडे बघत होती. आतून चढत होतं, नाही असं नाही. 'आजोबांचे एक लाख तेहतीस हजार पाण्यात' हे वाक्य तोंडाशी तयार होतं. मी उठलो, स्वयंपाकघरात गेलो, माठातलं दोन भांडी पाणी प्यालो आणि परत आलो. मग बावीस वर्षं जो चेहरा मी फक्त परक्यांसाठी राखून ठेवला होता तो घरात पहिल्यांदा लावला आणि म्हणालो, "बसा. येईल लिंक."

चिरंजीव माझ्याकडे बघतच राहिले. मग हसू दाबत खुर्चीवर बसले. मीही शेजारी बसलो. आठव्या मिनिटाला पडदा उजळला.

नंतर पुस्तिकेत वाचलं. हा मदरबोर्ड पहिल्यांदा चालू केला की नव्या डीडीआर५ रॅमशी ओळख करून घेतो. त्याला काही मिनिटं लागतात, तोवर पडदा काळा असतो, घाबरू नये. नव्या माणसाशी जुळवून घ्यायला त्या यंत्रालाही आठ मिनिटं लागतात. आणि मी दारात चप्पल काढायच्या आत निकाल देत होतो.

संध्याकाळी चिरंजिवांनी हिशेब आजीपुढे ठेवला. सगळ्या पावत्या पिनअप केलेल्या. वस्तू १,३२,९००. प्रवास आणि दोन वडापाव ९४. शिल्लक ७,१००, आजीला परत. रुपयाचा फरक नाही. बी. कॉम.ला जायचं त्याने आपणहून ठरवलं आणि रात्री खेळ झाल्यावर तो त्याच यंत्रावर ब्लेंडर नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमवर चित्रं घडवायला शिकतो. पहिलं चित्र माठाचं होतं.

आईने मुदत ठेवीची झेरॉक्स जपून ठेवली आहे, मागच्या पेन्सिलीच्या ओळीसकट. मी तिला विचारलं, "बाबांनी शिक्षणासाठी ठेवलेले. शिक्षणातच गेले म्हणायचे का?"

"नातवाचं झालं की नाही ते पुढे कळेल," आई म्हणाली. "मुलाचं थोडंफार झालं."

हल्ली मी डोंबिवलीला उतरलो की रिक्षा करत नाही. फडके रोडवरून चालत येतो. ज्या दिवशी लिंक नसते त्या दिवशी एक वळसा जास्त घालतो. घरी पोचेपर्यंत बरीचशी उष्णता रस्त्यावर सोडून झालेली असते. डोंबिवलीचा रस्ता मुळातच इतका तापलेला असतो, की माझी भर त्याला कळतही नाही. चिरंजिवांच्या पडद्याच्या कोपऱ्यात प्रोसेसरचं तापमान दिसतं. आत शिरलो की मी विचारतो, "आज किती?"

"एकाहत्तर," तो सांगतो. मग मान वर करून माझ्याकडे बघतो. "तुमचं?"